इच्छापूरच्या बागेत नेलेली माती

बऱ्हाणपूरच्या फलाटावर उतरलो तेव्हा माझ्याकडे आणि माझ्या भाचीकडे मिळून कपड्यांची एकच पिशवी होती. बाकी सगळं सामान म्हणजे थर्मोकोलचे दोन मोठे खोके, माझी रंगपेटी आणि कापडी पिशवीत घडी करून ठेवलेली बसायची तिपाई. जिन्यापाशी एका पोलिसाने काठीने खोक्याकडे बोट केलं.

"इसमें क्या है?"

"मिट्टी रखने की नलियाँ हैं," अनघा म्हणाली.

"कौनसी मिट्टी?"

"अभी ली नहीं है. यहीं की लेंगे."

त्याने झाकण उघडून रिकाम्या नळ्या पाहिल्या. आम्ही आपसांत बोललो ते ऐकून तो मराठीवर आला. "इथली माती तशी चांगली आहे. पण लोक इथून जलेबी नेतात," असं म्हणून त्याने वाट दिली.

अनघा भुसावळच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो आहे. तिच्या कॉलेजात एक प्रदर्शन भरायचं होतं, आणि त्यासाठी तिला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरची, दोन्ही बाजूंची माती हवी होती. त्या मातीतले जीव ती काचेच्या बशांमध्ये वाढवणार आणि मी त्यांची चित्रं काढणार, असं ठरलं. नकाशावर माणसांनी ओढलेली रेघ जमिनीखाली राहणाऱ्यांना ठाऊक आहे का, एवढंच बघायचं होतं. महाराष्ट्रातले काही नमुने तिने आधीच घेतले होते. राहिलेल्या कामासाठी आम्ही हिवाळ्याच्या सुट्टीत चार दिवस काढले.

शनवारा दरवाज्याजवळच्या एका लॉजवर खोली घेतली. अनघाने कपाटातले हँगर काढले, आत एक दिवा टांगला आणि ते कपाट बशांसाठी उबदार करून घेतलं. मॅनेजर दारात उभा राहून बघत होता. वास तर येणार नाही ना, एवढीच त्याची चौकशी होती. "ओल्या माठासारखा येईल," अनघाने सांगितलं. त्यावर त्याने मान हलवली आणि दिव्याची वायर नीट आहे का ते पाहून गेला.

पहिल्या दिवशी असीरगडला गेलो. गड उंच आहे आणि माझे गुडघे वर जायला तयार नव्हते, म्हणून मी पायथ्याशी तिपाई उघडून बसलो. अनघाने तटाखालच्या उतारावरून आणि एका जुन्या चिंचेच्या मुळाशी माती घेतली. प्रत्येक वेळी ती चमचा स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची, गार करायची आणि मग मातीत घालायची. पेरू विकणारी एक बाई बराच वेळ तिच्याकडे बघत होती.

"किल्ल्याचा फोटो नाही काढला?" तिने मला विचारलं.

"परत जाताना काढू."

"सगळे आधी फोटो काढतात," ती म्हणाली आणि दोन पेरू माझ्या हातावर ठेवून पुढच्या गाडीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी खकनारकडे, कापसाच्या रानात. वेचणी चालू होती. शेतकऱ्याने माती घेऊ दिली आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही. कळण्याची भाकरी (ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची), हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल. अनघाने जेवणाआधी तीन वेळा हात धुतले. घरातल्या म्हातारीने ते पाहून, "हमारी मिट्टी इतनी गंदी नहीं है, बेटी," असं शांतपणे सांगितलं.

त्या संध्याकाळी पहिल्या बशा उघडण्याजोग्या झाल्या. म्हणजे उघडायच्या नसतातच, झाकणातूनच बघायच्या. असीरगडच्या मातीत खडूच्या पुडीसारखे कोरडे पांढरे ठिपके आले होते. दुसऱ्या एका बशीत पिवळे आणि फिकट नारिंगी थेंब होते, मेणबत्तीचं मेण ठिबकल्यासारखे. एका जिवाणूने कडेपर्यंत पसरून झालरीसारखी नक्षी केली होती. ही चित्रं काढणं मला वाटलं त्यापेक्षा अवघड गेलं. थेंबाचा ओलेपणा दाखवायला नेमक्या जागी कागद कोरा सोडावा लागतो, आणि ती जागा चुकली की थेंब मणी होऊन बसतो. मी तीन कागद वाया घालवले.

तिसऱ्या दिवशी पहाटे खकनारच्या बशीतही तशीच झालर दिसली. अनघाने तिच्याशेजारी महाराष्ट्रातल्या कापसाच्या शेतातल्या बशीचा फोटो ठेवला. दोन्ही जवळजवळ सारख्या होत्या.

"म्हणजे यांना सीमा माहीत नाही," मी म्हणालो.

"इतक्यात काही म्हणू नको, मामा. कापसाच्या रानातली माती कापसाच्या रानासारखी दिसते, इतकंच."

मला मात्र ते वाक्य आवडलं होतं. प्रदर्शनाच्या फलकासाठी मी ते वहीत लिहून ठेवलं.

मग सकाळी भाड्याने घेतलेल्या गाडीतून सीमा ओलांडून परत महाराष्ट्रात आलो. तिच्या एका विद्यार्थ्यामुळे ओळख झालेले धनराजभाऊ रस्त्यावर आमची वाट बघत उभे होते. चाळिशीचे, उंच, हातात कोयता. त्यांची केळीची बाग सीमेपासून फार लांब नाही. बागेत मर रोग आला आहे, हे त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. बऱ्हाणपूरकडे याला उकठा म्हणतात. मातीतली एक बुरशी मुळांतून खोडात शिरते आणि पाण्याची वाट बंद करते. झाड उभ्या उभ्या वाळतं. त्यावर औषध नाही, आणि एकदा मातीत आली की ती वर्षानुवर्षं जात नाही.

गाडी डांबरावरच ठेवली. अनघाने आमच्या दोघांच्या पायांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून रबर लावले. बागेत खालची पानं पिवळी होऊन खोडाभोवती लोंबत होती. लांबून बघितलं तर झाडांनी जुनी लुगडी नेसल्यासारखी वाटत होती.

"बाहेरून पाहा, खोड कसं ताठ दिसते," धनराजभाऊ म्हणाले. "आता आत पाहा."

त्यांनी एका घावात खोड आडवं कापलं. पांढऱ्या गाभ्यात तांबूस तपकिरी वर्तुळं होती, एकात एक, अगदी रेखीव. मी भान न ठेवता बोलून गेलो, "रंग सुंदर आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काढा मग चित्र. मले तर पिवळा रंगच नकोसा झाला."

मी तिपाई उघडून बसलो आणि चित्र काढलं. तासभर लागला. जमीन ओली होती, तिपाई एका बाजूला कलत होती, म्हणून दोनदा जागा बदलली. अनघा नमुने घेऊन आली. रस्त्यावर येताच तिने पायांवरच्या पिशव्या काढल्या, दुसऱ्या पिशवीत बंद केल्या, आमच्या बुटांवर आणि हातांवर औषध फवारलं. मी तिपाईची घडी घालून ती तिच्या कापडी पिशवीत ठेवली आणि पिशवी खांद्याला अडकवली.

निघताना धनराजभाऊ म्हणाले, "माझी बहीण ललिता इच्छापूरले दिली आहे. तिची बाग अजून चांगली आहे. तिची माती एकदा तपासून द्या. फोन करून ठेवतो."

"तुम्ही चला ना बरोबर," मी म्हणालो.

"मले ती बांधाच्या आत येऊ देत नाही. दोन वर्षं झाली." मग म्हणाले, "बरोबरच करते."

इच्छापूर सीमेच्या अलीकडे की पलीकडे, हे आपण कुठून येतो त्यावर आहे. रस्त्यावर पाटी बदलते, डांबराचा रंग थोडा बदलतो, आणि तापीला लोक ताप्ती म्हणू लागतात. टेकडीवर इच्छादेवीचं देऊळ आहे. खाली एका टपरीवर शेवभाजी खाल्ली. टपरीवाल्याने मराठीत वाढली आणि पाणी हवं का ते हिंदीत विचारलं.

ललिताताईंची बाग गावाबाहेर आहे. बांधाच्या तोंडाशी चुन्याची रुंद रेघ, दोन घमेली, एकात ब्लीचिंग पावडरचं पाणी, आणि पत्र्यावर रंगवलेली पाटी: 'बाहर के जूते-चप्पल अंदर लाना मना है.' पस्तिशीच्या, अंगावर शर्ट चढवलेल्या ललिताताई रेघेच्या आत उभ्या होत्या. मागे खाटेवर त्यांचे सासरे बसले होते. नवरा शहरातल्या मंडीत गेला होता.

"दादाच्या खेतातून सीधे आलात?" त्यांनी विचारलं.

"हो," अनघाने लपवलं नाही. "पण सगळं काढून, फवारून आलो आहोत. नमुने बंद आहेत, गाडीतच राहतील."

"मग आज नका येऊ, मॅडम. उद्या अंघोळ करून, दुसरे कपडे घालून या."

"उद्या दुपारच्या गाडीने आम्हाला निघायचं आहे. आज नमुना घेतला तर बरं होईल. मी शब्द देते, काही होणार नाही."

ललिताताईंनी विचार केला. बागेत रोग नाही असं कोणीतरी तपासून सांगावं, ही त्यांची इच्छा चेहऱ्यावर दिसत होती. शेवटी त्यांनी घरातल्या रबरी चपलांचे दोन जोड आणून रेघेवर ठेवले. आम्ही बूट बाहेर काढले, गुडघ्यापर्यंत पाय धुतले, घमेल्यात उभे राहिलो, हात बुडवले. माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. माझंही गेलं नाही.

बाग फार देखणी होती. घड भरत आले होते, आणि उन्हाला पानांचा हिरवा रंग लागून तो जमिनीवर उतरला होता. मी तिपाई उघडून कामाला लागलो. धनराजभाऊंच्या बागेच्या चित्राशेजारी हे चित्र लावायचं, असं मनात होतं. इथेही दोनदा जागा बदलली. अनघा आणि ललिताताई रांगांमधून फिरत होत्या. ललिताताई तिला सांगत होत्या, मला अर्धवट ऐकू येत होतं, "राखीले मीच जाते माहेरी. येताना साडीबी तिकडेच धुऊन येते. दादा एकदा इथवर आला होता. बांधावरून डबा दिला अन् गेला."

तासाभराने मी उठलो आणि तिपाई उचलली. एक पाय मऊ मातीत रुतला होता, जोर लावून ओढला तर पायाच्या टोकाची रबरी टोपी जमिनीतच राहिली. ती बोटांनी उकरून काढली. टोपीच्या आत माती घट्ट बसली होती. ती इथल्या मातीहून फिकट होती, आणि तिच्यात पिवळ्या पानाचा एक दोरा चिकटलेला होता. बाकीच्या दोन टोप्या काढून पाहिल्या. त्यांतही तीच.

तेव्हा माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, हे इथे लिहायला हवं. टोप्या खिशात टाकून मी निघून आलो असतो तर कोणाला कधीच कळलं नसतं. वर्षभराने झाड पिवळं पडलं असतं, तर लोकांनी पाण्याला, वाऱ्याला किंवा ललिताताईंच्या माहेरच्या साडीला दोष दिला असता. हे सगळं मला त्या अर्ध्या मिनिटात सुचलं. मग मी अनघाला हाक मारली.

तिने टोपी हातात घेतली आणि आत पाहिलं. तिचा चेहरा बघून ललिताताई जवळ आल्या. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी मला एकच विचारलं, "कुठे कुठे बसला?"

मी तिन्ही जागा दाखवल्या. प्रत्येक ठिकाणी तीन भोकं, म्हणजे नऊ.

"बाबा, व्हॉल्व बंद करा," त्यांनी सासऱ्यांना हाक दिली. ठिबकचं पाणी थांबलं. त्या कुदळ आणायला वळल्या तशी अनघा म्हणाली, "खणू नका, माती उडेल. आधी..."

"तुम्ही आता काही सांगू नका, मॅडम."

अनघा मागे सरली. ललिताताई कुदळ घेऊन आल्या, पहिल्या जागेपाशी पोचल्या, आणि कुदळ न उचलता तशाच थांबल्या. विचारायला तिथे दुसरं कोणी नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "सांगा. काय करू?"

अनघाने सांगितलं ते त्या दोघींनी मिळून केलं. प्रत्येक भोकाभोवतीची वीतभर माती हलक्या हाताने काढून दुहेरी पिशव्यांत भरली. खड्ड्यांत ब्लीचिंगचं पाणी ओतलं, वर चुना टाकला. त्या भागाची ठिबकची नळी कायमची तोडून टोकं बांधली. चारी बाजूंनी बांबू रोवून दोरी लावली. मी मदतीला पुढे झालो तर ललिताताई म्हणाल्या, "काका, तुम्ही रस्त्यावर थांबा." आवाज चढलेला नव्हता. मी पुन्हा पाय बुडवून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

तिथून दिसत होतं. दोरीच्या आत पाच खोडं आली होती, पाचांवरही घड. ललिताताईंनी कोयता घेतला.

"राहू दे बेटा," सासरे म्हणाले. "महिन्याभराचं काम आहे. माल निघू दे."

"अन् माल काढायला मजूर येतील, बाबा. ते इथली माती पायांनी साऱ्या बागेत नेतील. नको."

पाचही खोडं त्यांनी स्वतः तोडली आणि घडांसकट जागच्या जागी पडू दिली. तिथून काहीही उचलायचं नव्हतं.

म्हातारे काठी टेकत रेघेपर्यंत आले. तांब्या पुढे करून मला पाणी पाजलं. मी म्हणालो, "बाबा, माझी फार मोठी चूक झाली."

"माती तर नदीबी आणते," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं, ठीक केलं." मग तांब्यातलं उरलेलं पाणी रस्त्याकडेला ओतून म्हणाले, "नसतं सांगितलं तर थोडे दिन सुखाचे गेले असते आमचे."

बऱ्हाणपूरला परतताना गाडीत अनघा फक्त एकदा बोलली. "काय काय धुवायचं, फवारायचं त्याची यादी मी केली होती. तिच्यात तुझी तिपाई नव्हती. आणि ती उद्या या म्हणाली तेव्हा ऐकायला हवं होतं."  चूक वाटून घेतल्याने ललिताताईंच्या वाट्याला काही कमी येणार नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळी बाजारात गेलो. मावा जलेबी (खव्याची, काळपट तपकिरी, जाड वेटोळ्यांची) गरम मिळाली. दराबा (रवा, तूप आणि साखर खूप घोटून केलेली मिठाई) घरी नेण्यासाठी बांधून घेतला. दोन्ही चांगले होते. त्याच रस्त्यावर यंत्रमागांची खटखट चालू होती, शाळेची मुलं रिक्षांत दाटीने बसून चालली होती. आदल्या दिवशी जे घडलं ते या गावात कोणालाही ठाऊक नव्हतं. दुपारी गाडी पकडली.

टोप्यांमधल्या मातीची बशी अनघाने भुसावळला नेऊन वाढवली. पाच दिवसांत कापसासारखा पांढरा थर आला, आणि बशी उलटी करून पाहिली तर खालून फिकट जांभळा. तिने मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, नुसतं बघून सांगता येत नाही, अशा बुरशा निरुपद्रवीही असतात. मोठ्या प्रयोगशाळेचा निकाल यायला महिना लागला. बुरशी मर रोगाचीच होती. ललिताताईंच्या बागेतले, मी बसण्याआधी आणि माझ्यापासून लांब घेतलेले नमुने मात्र स्वच्छ निघाले. अनघाने दोन्ही गोष्टी त्यांना फोनवर सांगितल्या.

"म्हणजे माझी बाग चांगली होती," त्या म्हणाल्या.

"होती. आणि अजूनही असेल. आपण माती वेळेवर काढली आहे."

"ठीक आहे," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

प्रदर्शन झालं. असीरगडचे खडूचे ठिपके, खकनारची झालर, सगळी चित्रं लागली. सीमा माहीत नसल्याचं वाक्य मी फलकावर लिहिलं नाही. त्या भागात एक सीमा खरोखर होती, चुन्याने आखलेली, एका बाईने दोन वर्षं सांभाळलेली, आणि ती मोडणारा मी होतो. टोपीतल्या मातीच्या बशीचं चित्र मी सगळ्यात शेवटी लावलं आणि ही माती कुठून कुठे, कशी गेली ते खाली चार ओळींत लिहिलं. गावाचं आणि माणसांचं नाव घातलं नाही, माझं घातलं. बहुतेक जण ते न वाचता पुढे जात. एक शेतकरी मात्र वाचून बराच वेळ उभा राहिला. जाताना त्याने स्वतःच्या बुटांचे तळवे उलटे करून पाहिले.

त्यानंतर मी दर महिन्याला ललिताताईंना फोन करू लागलो. बाग कशी आहे, विचारायचो. चांगली आहे, असं त्या सांगायच्या. दोरीच्या आत गवत वाढलं, ते त्यांनी तसंच ठेवलं आहे. शेजारच्या रांगेतला माल निघाला. पान पिवळं पडलेलं नाही. सहाव्या महिन्यात मी फोन केला तेव्हा मागे पंपाचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, "काका, राग नाही माझा. पण तुमचा फोन आला की मी आधी धावत बागेत जाऊन पाहते, मग उचलते. आता तुम्ही नका करू. काही झालं तर मीच सांगीन."

प्रवासाहून माणूस घरी येतो, सामान सोडतो, खाऊ वाटतो आणि प्रवास संपला असं म्हणतो. आजवर मीही तसंच म्हणत आलो. हा संपलेला नाही, आणि तो केव्हा संपेल हे मला ठरवता येत नाही. अनघा म्हणते, दोन-तीन वर्षं तरी जाऊ द्यावी लागतील.

ललिताताई तसं म्हणाल्या त्याला आता चार महिने झाले. त्यांचा फोन आलेला नाही.